आधी काम, मंग फोटू

ग्रामसभेत फोटो काढायला मी मोबाइल वर केला, की कॅमेऱ्यासमोर एक तळहात यायचा. कापूस वेचून खरबरीत झालेला, अंगठ्याखाली तव्याच्या चटक्याचा डाग. हातामागून आवाज यायचा, "आधी काम, मंग फोटू, भाऊसाहेब!"

भाऊसाहेब म्हणजे मी, हिमायतनगरकडच्या एका गावचा ग्रामसेवक. तुम्ही कधी ग्रामसभेला गेला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. सभा झाली याचा पुरावा म्हणून फोटो वर पाठवावा लागतो. तो निघाला की मंडळी चहा पिऊन पसार. फोटो अडवला की सभा अडते, हे आख्ख्या गावात सुचलं ते भीमनगरातल्या या मावशीला.

मागणी एकच होती. नळाची पाइपलाइन गावभर फिरून सरपंचांच्या गल्लीत थांबली होती. पुढे उतारावर भीमनगर कोरडं. तिथल्या बाया दुसऱ्याच्या शेतातल्या बोअरवर हंडे घेऊन जायच्या आणि मालकाची मर्जी असली तरच भरून आणायच्या.

"मावशी, ठराव घेऊ की! फोटो तर होऊ द्या," सरपंच म्हणायचे.

"फोटू झाल्यावर तुमी घावता व्हय? गाडी तर आत्ताच चालू करून राहिले."

सभा खो खो हसायची. सरपंचही हसायचे, पण हट्ट सोडायचे नाहीत. एकदा त्यांनी मला हळूच शाळेच्या गच्चीवर पाठवलं, वरून फोटो काढायला. मी धापा टाकत पोचलो, तर ही आधीच तिथं पदरानं वारा घेत बसलेली.

"या भाऊसाहेब," म्हणाली, "वारा लई चांगला हाय इथं."

फोटो जाईना तसे तालुक्याहून फोन यायला लागले. शेवटी सरपंच टेकीला आले. सगळ्यांनी हात वर करून ठराव केला आणि पाइप उतारावरून खाली गेले.

उद्घाटनाला सरपंच कडक इस्त्रीत आले. नारळ फुटला. मी मोबाइल वर केला, आणि तळहात!

"आधी पानी!"

सरपंचांनी तोटी फिरवली. नळ खोकला, गुरगुरला आणि तोटीच उडाली. कडक इस्त्री चिंब झाली. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या, दोघींनी तर चिखलातच फुगडी धरली. मावशीनं आपल्या पदरानं सरपंचांचं तोंड पुसलं आणि ऐटीत उभी राहिली.

"हां, आता काढा."

काढतो कशाचा! मोबाइल भिजून बंद पडला होता. तो तांदळाच्या डब्यात ठेवून मी कसाबसा जिवंत केला.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. तिची लेक माझ्याकडे आली. "भाऊसाहेब, मायचा फोटू हाय का? भिंतीला लावायचाय. आधार कार्डावरची तर कुनालाच वळखू येईना."

आम्ही दोघं मोबाइल चाळत बसलो. तळहात, तळहात, पुन्हा तळहात. लेक आधी हसली, मग रडली आणि रडता रडता पुन्हा हसत सुटली. माझंही तेच झालं. एका फोटोतल्या चटक्याच्या डागावर तिनं बोट ठेवलं. "हीच माजी माय. हाच द्या."

आता त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी हार घातलेला एक तळहात आहे. परवा तो बघायला गेलो. त्या फ्रेमचा फोटो घ्यावा म्हणून मोबाइल बाहेर काढला आणि थबकलो. तसाच अंगणात गेलो, नळाची तोटी फिरवली. पाणी आलं.

मग आत येऊन फोटो काढला.