अंतराळात आवाज नसतो

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि अंतराळयानं, उडणारे नायक, व्हिडिओ गेम या विषयांत अख्ख्या कोल्हापुरात माझ्याएवढं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. ती तपासायची सोयही नव्हती, कारण या विषयांवर बोलणारं दुसरं माणूस मला भेटलंच नव्हतं.

रविवारी सकाळी टीव्हीवर एक इंग्रजी अंतराळ मालिका लागायची. मी वही घेऊन बसायचे, चुका लिहायला. यान कुठल्याही ग्रहावर उतरलं तरी तिथली माणसं फाडफाड इंग्रजी बोलायची. दगड सगळ्या ग्रहांवर तेच. एका भागात कप्तान एका खडकाला टेकला, तर खडक हलला. पुढच्या भागात तोच खडक दुसऱ्या सूर्याभोवतीच्या ग्रहावर हजर. मी एकही रविवार चुकवला नाही. मालिका आवडत होती म्हणूनच एवढी चिडत होते, पण हे घरात कुणाला सांगून पटलं नसतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत कारकून. त्यांची थोरली बहीण हातकणंगल्याला दिलेली. घरी सहा म्हशी आणि आवाज असा की बोलायला लागली की शेजारी खिडकीत येत. या आत्तीनंच माझ्यासाठी स्थळ आणलं.

"इंजिनेर हाय. मुंबईत नोकरी. आन् तुज्यासारखंच त्ये यानाचं खूळ हाय म्हणं त्येला," ती म्हणाली. "आता तरी गप बसशील?"

मी गप बसले. त्या आठवड्यात माझ्याइतकं आनंदी कुणी नव्हतं.

मुलगा आईवडिलांबरोबर आला. दिसायला बरा, बोलायला मोकळा. पोहे देऊन मी समोर बसले तर त्यानं स्वयंपाक येतो का, वगैरे काही विचारलं नाही. म्हणाला, "परवाचा भाग पाहिलात? शत्रूचं यान फुटलं तेव्हा काय आवाज होता! अंगावर काटा आला."

"अंतराळात आवाज नसतो," मी म्हणाले.

त्याच्या आईचा चमचा बशीतच थांबला.

"हवाच नाही तिथं. आवाज जाणार कशातून?"

"ते मला माहीत आहे, मी इंजिनिअर आहे," तो हसून म्हणाला. "पण एवढं चालतं हो. बघत राहा, आपल्या हयातीत माणसं मंगळावर राहायला जातील."

इथं थांबायला हवं होतं. पण तो मुंबईत पाहिलेल्या एका उडणाऱ्या नायकाच्या सिनेमाकडे वळला. विसाव्या मजल्यावरून नायिका पडते आणि जमीन हातभर राहिली असताना नायक तिला झेलतो.

"मग ती मेली असणार," मी म्हणाले. "एवढ्या वेगानं जमिनीवर आपटली काय आणि त्याच्या पोलादी हातांवर आपटली काय, सारखंच."

"आन् तोंडावर फडकं बांधलं की त्या बाबाला कुणी वळखत न्हाय म्हणं," आत्ती मधेच म्हणाली. आदल्या दिवशी हे सगळं तिला मीच समजावलं होतं. "आमच्या गल्लीत माणूस पाठमोरा चालला तरी वळखत्यात की!"

विषय बदलायला म्हणून त्यानं खिशातून हातात मावणारा व्हिडिओ गेम काढला. काडेपेटीएवढ्या काचेवर वरून माणसं पडत होती आणि खाली एक ठिपका त्यांना झेलत होता. तो खेळायला लागला, गेम टीं टीं करायला लागला. सगळी मंडळी आदरानं बघत होती.

"शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"शेवट नसतो. वेग वाढत जातो."

"म्हणजे हरेपर्यंत खेळायचं?"

"हो, तेच तर."

"म्हणजे कचेरीच की ही," आबा म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता, पण मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलगी पसंत आहे, परंतु पत्रिका जुळत नाही; मुलीचा मंगळ कडक आहे. मी मोठ्यांदा हसले. या माणसाला मंगळावर माणसं पाठवायची घाई झाली होती, आणि तोच मंगळ इथल्या पत्रिकेत दिसल्यावर तो मुंबईला पळाला होता. हसून झाल्यावर मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आवडला होता मला तो. या सगळ्यावर माझ्याशी बोललेला तो पहिलाच माणूस, आणि मी त्याचे पेपर तपासल्यासारखे गुण कापत बसले होते. तरी आवाजाबद्दल मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं आत्ती आली. "कशापायी स्थळ घालवलंस त्ये बगू दे तरी मला," म्हणाली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मी शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करत होते. कप्तान कोण, शत्रू कोण, यान कुठं चाललंय, सगळं तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दोन बायका काय करत्यात?"

"एक कप्तानाला कागद आणून देते."

"आन् दुसरी?"

मी जरा आठवून बघितलं. "किंचाळते."

"येवडी शिकलेली माणसं, येवड्या लांब चांदण्यांत गेली, आन् बाईनं कागदच द्यायचा व्हय? त्ये आमच्या पंचायतीत बी चालतंय की. आन् येवड्या माणसांचं जेवण कोण करतंय? त्ये कदी दाखवत न्हाईत व्हय?"

मी वही उघडली. दीड वर्षाच्या चुका होत्या: गुरुत्वाकर्षण, प्रकाशाचा वेग, हलणारा खडक. बायकांबद्दल एक ओळ नव्हती. भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेल्या मला हे दिसलं नव्हतं, आणि चौथी शिकलेल्या आत्तीला अर्ध्या तासात दिसलं. मी वही मिटून ठेवली.

आत्ती त्यानंतर जवळजवळ दर रविवारी यायला लागली. म्हशींचं सकाळचं सुनेवर टाकून यायची आणि वर सुनेला यानाच्या गोष्टी सांगायची. मग एके दिवशी मालिका बंद झाली. आत्तीनं मला टीव्ही केंद्राला पत्र लिहायला लावलं. "आमी हातकणंगल्यास्नं येतो म्हणून लिही. आन् त्या बायकांस्नी जरा कामं द्या म्हणावं."

उत्तर आलं नाही. चार वर्षांनी माझं लग्न झालं, यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही असं पहिल्याच भेटीत कबूल करणाऱ्या माणसाशी. मालिकेच्या जागी मात्र पुढच्याच रविवारी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला होता. आत्ती तोही बघायला आली आणि पडद्यावरच्या कोट घातलेल्या तज्ज्ञावर ओरडली, "आरं बाबा, खुरपं तरी सरळ धर की!"