पारोशा हातांची गौर

त्या साली देवाने माझ्याकडे पाठ फिरवली, असं मी उघड म्हणत असे. छातीत कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली, पुण्याच्या इस्पितळात किरणांचे उपचार सुरू झाले आणि त्यातच तापाची साथ आली. वॉर्ड तापाच्या रोग्यांनी भरले. आमच्यासारख्या अशक्त बायकांना हा ताप झेपायचा नाही, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं. आठवड्यातून एकदा यायचं, मागच्या दाराने थेट यंत्राच्या खोलीत जायचं, तसंच परतायचं. किरण नेमके कुठे द्यायचे त्याच्या निळ्या रेघा त्यांनी माझ्या छातीवर आखल्या होत्या. "पाणी लावू नका. पुसल्या तर पुन्हा आखायला मीच लागतो, आणि माझा काय भरवसा?" ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः तापाने पडले. यंत्रावरचा माणूस त्याच रेघा बघून काम भागवू लागला.

दिघीला घरी मी नुसते हातपाय पुसून राहत होते. आधीच मी भारी सोवळ्याची. बिनआंघोळीची देवघरात जाईना, उंबऱ्याबाहेरून हात जोडी, आणि जोडताना चिडतही असे. तशात गौरी आल्या. सासूबाई, आमच्या आत्याबाई, तापाने फणफणलेल्या; घरात तिसरं बाईमाणूस नाही. "पारोशा हातानं गौर न्हाई आणायची," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "डोक्यावरनं न्हा, न्हाईतर ऱ्हाऊ दे औंदा." त्यांच्या लग्नापासून गौर कधी चुकली नव्हती. मी चुलीवर पाणी ठेवलं. उपचार थांबले तर थांबले, जगले तर जगले, असं ठरवूनच ठेवलं.

पाणी तापेपर्यंत मारुतीला दुरून सांगून यावं म्हणून गेले. आमचा गुरव आजारी होता, त्याच्या जागी कुणी अनोळखी म्हातारा आला होता. एकजण पाण्याचा तांब्या घेऊन पायरी चढला, तसा म्हातारा म्हणाला, "आज नगं, भाऊ. आत्ताच शेंदूर चढवलाय, वाहून जाईल. चार दिस देव बिनआंघोळीचा ऱ्हाईल, त्यात काय?" माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मला मात्र तिथेच रडू कोसळलं.

घरी येऊन पाणी उतरवलं आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे कुशीवर वळल्या.

"देवाला ठिवलं तसंच?"

"व्हय, आत्याबाई."

"मग आण की गौर. थांबलीस कशाला?"

त्या पारोशा हातांनी मी गौर घरात आणली. मन कितीतरी दिवसांनी शांत होतं.

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या तोंडून कोण बोललं, याचा काथ्याकूटही करत नाही. मी माझ्या सोवळ्याला घट्ट धरून बसले होते. ते सोडलं तेव्हा देव जवळच होता, एवढं कळलं. उपचार पुरे झाले. डॉक्टरही बरे होऊन आले होते, त्यांनी न्हायला परवानगी दिली. त्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः पाणी कोमट केलं, मला पाटावर बसवलं, किरणांनी भाजल्या कातडीवरून अगदी हलका हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे आता रेघा."