वार्ताफलकावरचे कलम ४९९

आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझे वैर एका उवेमुळे सुरू झाले, हे मी आरंभीच कबूल करतो. उलटतपासणीत उघडे पडण्यापेक्षा कबुलीजबाब आधी दिलेला बरा.

तो काळ पन्नासच्या दशकाच्या मध्याचा. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि तेवढ्या शेजारावर कासारवाडीची माणसे स्वतःला निरोगी समजू लागली होती. मी कासारवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन सहकुटुंब राहत असे आणि रोज आगगाडीने पुण्याच्या दिवाणी कोर्टात कारकुनीला जात असे. वकील होण्याचे राहून गेले होते. ज्याचे वकील होण्याचे राहून जाते, त्याच्या अंगात कायदा साचत जातो आणि कोठून तरी बाहेर पडतो. माझा पत्रांवाटे पडे. फलाटावरच्या मोडक्या बाकाबद्दल रेल्वेला, भटक्या कुत्र्यांबद्दल ग्रामपंचायतीला, उशिरा येणाऱ्या टपालाबद्दल टपाल खात्याला (तेही टपालानेच) मी पत्रे लिहिली. उत्तरे आली नाहीत. पोचपावत्या मात्र सर्व आल्या, आणि त्या मी आजही बाळगून आहे.

शाळा लोकल बोर्डाची, सातवीपर्यंत. तिच्या बाहेरच्या भिंतीवर, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडावर, काळा चौकोन रंगवलेला होता. त्याला वार्ताफलक म्हणत. देवी टोचणारा कधी येणार, डीडीटीची फवारणी कोणत्या आळीत, दुधाच्या भुकटीसाठी मुलांनी पेला आणावा, असा मजकूर मुख्याध्यापक दर शनिवारी दुपारी आपल्या सुरेख अक्षरात पालकांसाठी लिहीत आणि पुढच्या शनिवारी पुसत. पुढे वरून एक परिपत्रक आले : विद्यार्थ्यांच्या आरोग्याबाबत पालकांस अवगत करीत जावे. बोर्डाच्या नोकरीत केस पांढरे झालेल्या त्या गृहस्थांनी ते शब्दशः अमलात आणले. शनिवारी सकाळी नखे, कान, केस यांची तपासणी. दुपारी फलकावर 'आरोग्य' असे शीर्षक आणि खाली सापडलेल्यांची नावे. परिपत्रक काढणाऱ्याचे डोके कोणी तपासले होते, याची चौकशी मी पुढे केली. त्याचेही उत्तर आले नाही.

माझी मुलगी सहावीत होती. एका शनिवारी फलकावर 'सहावी – डोक्यात उवा' या ओळीखाली पाच नावे झळकली. त्यांत तिसरे तिचे, माझ्या नावासकट. संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या प्रत्येक घागरीला ते ठाऊक झाले. सोमवारी मुलीने दप्तर खुंटीला लावले आणि आपण शाळेत जाणार नाही, असे सांगितले. रडली नाही, हे अधिक वाईट होते.

तिच्या वर्गात मुली चारच. त्या दिवसांत मुलगी महिनाभर घरी बसली की पटावरून नाव जाई, आणि एकदा गेलेले मुलीचे नाव परत पटावर चढवण्यासाठी कोणाचा बाप धडपडल्याचे मी पाहिले नव्हते. तिने सातवीची फायनल द्यावी, एवढी एकच मागणी मी आयुष्याकडे कधी लेखी केली नव्हती.

अशा वेळी शहाणा बाप मुलीजवळ बसला असता. मी लिहायला बसलो.

पत्र नऊ परिच्छेदांचे झाले. त्यात भारतीय दंडविधानाचे कलम ४९९ होते, अब्रुनुकसानीचे. 'सदर मुलीच्या डोक्यात उवा असल्याचा कोणताही पुरावा नाही' असे तिसऱ्या परिच्छेदात ठणकावून म्हटले होते. आणि शेवटी मागणी : 'प्रस्तुत पत्रास त्याच फलकावर, तितक्याच ठळक अक्षरांत, तितक्याच मुदतीसाठी प्रसिद्धी द्यावी.' ही ओळ लिहिताना मला जो आनंद झाला, तो लग्नातही झाला नव्हता. शाळा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तरी पत्र मी पुण्याहून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले.

त्याच संध्याकाळी पत्नीने मुलीचे केस पांढऱ्या पंचावर विंचरले आणि पंचा माझ्या पुढ्यात धरला.

"अहो, हा घ्या तुमचा पुरावा," ती म्हणाली. पुरावा चालत होता.

पण पत्र गेले होते. तीन दिवसांनी ते पोचले आणि मुख्याध्यापकांनी त्याचेही शब्दशः पालन केले. सारे आयुष्य लेखी हुकूम पाळण्यात गेलेल्या माणसाच्या हाती मी लेखी हुकूम दिला होता! त्यांनी पत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत फलकावर उतरवले. पाचव्या परिच्छेदाला चौकोन संपला, तेव्हा शेजारच्या भिंतीला कोळसा फासून उरलेले चार तेथे घेतले. संध्याकाळी मी गाडीतून उतरून येतो, तो भिंतीपुढे घागरी घेतलेल्या बायकांचा घोळका, आणि सातवीतली एक मुलगी त्यांना माझे पत्र मोठ्याने वाचून दाखवते आहे. दंडविधान त्या पाणवठ्यावर त्याआधी कधी पोचले नसावे.

आमच्या शेजारची शेतकरीण त्यांत होती. मला पाहून तिने पदर तोंडाला लावला नाही, सरळ हसली.

"भाऊ, आमच्या पोरीच्या डोस्क्यात बी हायत की उवा. आमी न्हाई कुनाला रजिस्टर केलं."

मी तडक मुख्याध्यापकांच्या घरी गेलो आणि मजकूर तत्काळ पुसावा, अशी मागणी केली. त्यांनी चष्मा लावून माझे पत्र पुन्हा वाचले.

"तितक्याच मुदतीसाठी, असं आपलंच म्हणणं आहे. म्हणजे आठ दिवस. त्याआधी मला पुसता येणार नाही."

मी मागणी मागे घेत असल्याचे सांगितले.

"लेखी द्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेशही नव्हता.

घरी येऊन मी दौत पुढे ओढली. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच शाळेविषयी बोलली.

"अण्णा, आधी माझं नाव एकदाच होतं. आता सात वेळा आहे. मी मोजलं."

मी सांगितले की, हा शेवटचा अर्ज केला की सर्व पुसले जाईल.

"अर्ज नको. तुम्ही पुसा. शाळा भरलेली असताना, सगळ्यांच्या समोर. मग मी बघते."

दुसऱ्या दिवशी रजा काढून, कोट-टोपी घालून, बादली आणि ओले फडके घेऊन मी त्या भिंतीपुढे उभा राहिलो. सरकारी फलकावरील मजकूर अनधिकाराने नष्ट करणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो, हे मला ठाऊक होते आणि पुसताना ते सारखे आठवत होते. खिडक्यांत मुलांची तोंडे गर्दी करून होती. मुख्याध्यापकांनी दारातून थोडा वेळ पाहिले, मग आत जाऊन दुसरे फडके आणले आणि सहाव्या परिच्छेदापासून पुसायला लागले. लेखी मागितले नाही. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला तो एवढ्याच एका क्षणी.

पाण्याला निघालेली शेजारीण थांबली होती.

"भाऊ, तुमी सारखं डोस्कं खाजवताय. घरी फनी लावून बघा जरा."

पत्नीने लावून पाहिली. कोणाच्या उवा कोणाकडे आल्या, मुलीच्या माझ्याकडे की दिवाणी कोर्टाच्या माझ्यामार्फत मुलीकडे, हा मुद्दा आजतागायत अनिर्णित आहे. दोघांना जवळजवळ बसवून तिने सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून चोळली. डोळे मिटा, असे तिने बजावले होते. मी हरकत घेण्यासाठी ते उघडले आणि भोगले. मुलगी मोठ्याने हसली.

शनिवारी मुख्याध्यापक स्वतः घरी आले. 'आरोग्य' या सदरात नावे द्यायची नाहीत तर काय लिहायचे, याचा मसुदा त्यांना हवा होता. परिपत्रक तर पाळलेच पाहिजे. मी अकरा कलमांचा मसुदा वाचून दाखवला. ते ऐकत असताना मुलीने पाटीवर एक ओळ लिहून त्यांच्यापुढे धरली : 'उवा सगळ्या वर्गात आहेत. रविवारी सगळ्यांनी घरी फणी करावी.'

त्यांनी पाटी घेतली आणि माझी अकरा कलमे चटईवर ठेवून ते गेले. दुपारी तीच ओळ फलकावर आली.

सोमवारी सकाळी तिने खुंटीवरचे दप्तर काढले, तेलकट केसांची वेणी पाठीवर टाकली आणि ती माझ्याआधी घराबाहेर पडली. पुढच्या वर्षी तिने फायनल दिली.

'सगळ्या वर्गात' या विधानाला तिच्याकडे कसलाही पुरावा नव्हता. माझी हरकत आजही कायम आहे. ती मी कोणालाही लेखी कळवलेली नाही.