कंडक्टरमामांचा शनिवार

कंडक्टरमामांना हळू बोलता येत नसे. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचा आवाज भरलेल्या गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असाच निघायचा. आणि आम्हा वेगळ्या मुलांच्या आयांना तर सवय कुजबुजण्याची. ते मला पहिल्यांदा भेटले दिव्यांग दाखल्याच्या रांगेत. माझी शरू तेव्हा सहा वर्षांची होती, दोन्ही कान झाकून माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. "काय झालंय पोरीला?" समोरच्या बाकावरून प्रश्न आला. मी इकडंतिकडं बघत ओठातल्या ओठात म्हणाले, "स्वमग्न आहे." "का गं एवढं हळू बोलालीस? चोरी केलीयास व्हय?" सगळी रांग वळून बघायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मामांनी शेजारच्या तिशीच्या बाईकडं बोट दाखवलं. "ही माझी लेक, वैशाली. हिचं डोकं जरा सावकाश चालतंय. म्हणून काय मी तोंड लपवून हिंडू?" वैशालीनं मला नमस्कार केला आणि पिशवीतून एक बिस्कीट काढून शरूपुढं धरलं.

त्या दिवशी मला कळलं की त्या रांगेत येण्याची मामांना काही गरज नव्हती. वैशालीचा दाखला कधीचाच झाला होता. ते दर आठवड्याला तिथं येऊन बसायचे आणि गोंधळलेल्या आईबापांना वाटेला लावायचे. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, बोलायला शिकवणाऱ्या चांगल्या बाई कुठं बसतात, चाकाची खुर्ची महिनाभर वापरायला कोण देतं, कुठल्या शाळेला पायऱ्या कमी, हे सगळं त्यांना तोंडपाठ. "मला डॉक्टरकीतलं काय बी कळत न्हाय. कुठली गाडी कुठं जाती एवढं कळतंय," असं ते स्वतःच सांगायचे. चंदगडच्या एका जोडप्याला त्यांनी पहाटेच्या गाडीपासून परतीच्या गाडीपर्यंत सगळं कागदावर लिहून दिलं होतं. एवढी बारीक काळजी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काम एका फेरीत व्हायला पायजे. दुसऱ्या फेरीला बाप येत न्हाय." हे वाक्य ऐकून मी घरी आले आणि आमच्या ह्यांना पुढच्या वेळी रजा टाकायला लावली.

त्यांची शनिवारची बैठक कसबा बावड्यात आमच्या घराजवळच्या विहाराच्या सभागृहात भरायची. जागा त्यांनीच निवडली होती, कारण तिथं एकही पायरी नव्हती. आईबाप आणि शिक्षक दोघांनीही यायचं, आणि एका बाकावर शेजारी बसायचं, हा नियम. समोरासमोर बसू द्यायचे नाहीत. "जागा मिळाली की माणूस निम्मं भांडण विसरतंय. तीस वर्षं बघितलंय मी," म्हणायचे. बाकी गृहस्थ हट्टी. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ. सकाळी सहाला फोन करून "उठलीस न्हवं?" विचारायचे आणि नाही म्हटलं तर "मग आता ऊठ" म्हणायचे. मी एकदोनदा फोन बंद ठेवून बघितला, तर स्वारी थेट दारात.

त्या बैठकीत पहिल्याच शनिवारी मी रडले. आमच्यासारख्या आईबापांच्या मनात जो प्रश्न असतो, तोच माझ्या तोंडून बाहेर पडला. माझ्यानंतर हिचं काय होणार? मामांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. "हितं समदी ह्योच प्रश्न घेऊन आल्याती. पर त्यो रडून सुटत न्हाय, तालमीनं सुटतोय. आधी शाळंचं बघू." तालीम म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

शाळेचं प्रकरण खरंच गळ्याशी आलं होतं. घंटा झाली की शरू वर्गातून पळत सुटायची आणि तिच्या बाई मला रोज सांगायच्या, "हिला वेगळ्या शाळेत घाला." त्या बाईंना मामांनी बैठकीला आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. बोलता बोलता उघड झालं की दाखला मी शाळेला दाखवलाच नव्हता. कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता, कळलं तर नाव काढतील या भीतीनं. मामा कडाडले, "कागद साड्यांखाली आनि पोरगी वर्गात? त्या बाईनं काय सपनात बघायचं व्हय, हिला आवाजाचा तरास हाय म्हणून?" मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मलाही कारण विचारायची भीती वाटली. म्हटलं, तुम्ही दुखावाल." वर्षभर आम्ही दोघी खरं विचारायचं-सांगायचं टाळत होतो आणि मधल्यामध्ये पोरीचे हाल चालले होते.

उपाय मामांच्या धंद्यातूनच निघाला. "परवाशाला म्होरला थांबा ठावं असला की त्यो उठत न्हाय, वरडत न्हाय. हिला कोन सांगतंय का म्होरं काय येणार हाय?" बाईंनी आणि मी मिळून एक लांब पट्टी केली. प्रार्थना, मराठी, घंटा, खिचडी, गणित, खेळ, घंटा, शाळा सुटली. प्रत्येकाचं चित्र. बाई एकेका चित्रावर बोट ठेवून म्हणायच्या, "पुढचा थांबा, घंटा," आणि शरू आधीच कान झाकून घ्यायची. पळायची नाही. पहिल्या दिवशी मी खुशीत शाळेच्या दाराशी उभी राहिले, तर सगळी मुलं बाहेर आली आणि शरू आत बसून. पट्टीवर 'शाळा सुटली' नंतर काहीच नव्हतं, मग ती उठेल कशाला? एक तास बसली. मी मामांना फोन लावला, तर ते खो खो हसले. "शेवटचा थांबा लिवायचा राह्यला की गं! गाडी डेपोत लागल्याबिगार कंडक्टर तरी उतरतोय व्हय?" बाईंनी तिथंच खडूनं घराचं चित्र काढलं. शरू उठली, दप्तर घेतलं, निघाली. आज ती त्याच शाळेत सहावीला आहे.

मामांच्या तालमीचा अर्थ मला पुढच्या वर्षी कळला. त्यांनी बैठकीत जाहीर केलं की दर शनिवारी वैशाली कुणा एकाच्या घरी मुक्कामाला जाईल आणि रविवारी परत येईल. "मुक्कामाची गाडी समजा. सांजचं येती, सकाळी जाती. पाव्हणचार करायचा न्हाय, घरातलं काम सांगायचं." पिशवी तिची तिनं भरायची. राहिलं ते राहिलं, कुणी आठवण करून द्यायची नाही. सांगताना आवाज ठणठणीत होता. पण ती पहिल्यांदा आमच्याकडं आली, तेव्हा जेवणं होईपर्यंत मामांचे चार फोन आले. जेवली का? गोळी घेतली का? खिडकी लावली न्हवं? पाचव्या वेळी वैशालीनंच फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा, झोपा आता."

दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आले, तेव्हा अंगणात बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून मी एवढं हळू पहिल्यांदाच ऐकलं. "हिची आई गेली तवापासनं हिची वेणी मी घातली, घास मी भरवला. वाटायचं, ह्योच जीव लावणं. तीस वर्साची झाली तरी हिला स्वतःची पिशवी भरता येत न्हवती. मीच पांगळं केलं की गं पोरीला." मी आत जाऊन चहा टाकला आणि चहाबरोबर माझेही दोन थेंब गाळले. त्यानंतर शरूला भरवणं मी सोडलं. सांडतं तर सांडू दे, म्हटलं.

मामा जाऊन आता वर्ष होईल. शनिवारची बैठक चालू आहे, तीन-चारजण मिळून चालवतो, आणि तिथं आता एकमेकांचं वाक्य पुरंही होऊ देतात. मला ते थोडं बेचव वाटतं. वैशाली दीड तासावरच्या मलकापूरला आत्याकडं असते. शनिवारी एसटीनं एकटी येते, बैठकीला बसते, पाळीनं कुणाच्या तरी घरी राहते आणि रविवारी परत जाते. हे कुणी ठरवलं, ते सांगायला हवं.

मामा गुरुवारी गेले. शनिवारी आम्ही बैठकीतली माणसं त्यांच्या घरी गेलो, तेव्हा नातेवाईक ओसरीवर बसून वैशालीचं काय करायचं याचाच खल करत होते. कुणी संस्थेत ठेवा म्हणत होतं. आत्या हुंदके देत म्हणाली, "मी न्हेते की माझ्याकडं. पर मी शेताला गेल्यावर ही एकटी कशी ऱ्हाईल? परवापासनं डोळ्यात पाणी न्हाय पोरीच्या. बाप गेलाय ह्ये कळलंय तरी का हिला?"

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. वैशाली बाहेर आली. वेणी घातलेली, थोडी वाकडी. खांद्याला पिशवी. ती आत्यापुढं उभी राहिली.

"कळलंय मला. बाबा आता न्हाईत. म्हणून तर पिशवी भरली." मग माझ्याकडं वळली. "शरूची आई, आज शनवार. आज तुमच्याकडं."

आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा. उद्या मी येते न्यायला. मग माझ्याकडं."

मी रडत होते. पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर वैशालीनं ती दिली नाही.