पिनांगातले शिरवाळे

लवू परब मालवणजवळच्या धामापूरचा. घरात भाऊ चार आणि जमीन दोघांपुरती, म्हणून धाकटा लवू बोटीवर गेला आणि खलाशांचा स्वयंपाकी झाला. हाताला चव होतीच, पण नाक त्याहून तिखट. झाकण न उघडता आमटीत काय घालायचं राहिलंय ते सांगायचा.

१९५६ साली त्याच्या मालवाहू बोटीचं इंजिन मलायातल्या पिनांग बंदरात रुसलं. दुरुस्तीला बारा दिवस लागणार होते. त्यातच कोकमाच्या सोलांचा डबा खाऱ्या पाण्याने भिजला आणि सगळी सोलं बुरसली. चिंचेतली बांगड्यांची आमटी खलाशांनी दोन दिवस मुकाट गिळली. तिसऱ्या दिवशी त्यांचा म्होरक्या गुरुदास याने ताट सरकवलं.

"लवू, ह्यो बांगडो माका वळखणा नाय. काय तरी बरा आंबट हाड रे!"

लवू पिशवी घेऊन आंबट शोधायला गावात शिरला. भाषा एकही येत नव्हती. तमिळांच्या गल्लीत मोगऱ्याचे गजरे आणि कढीपत्त्याची फोडणी. त्याला क्षणभर वाटलं, घराजवळच उतरलो. पण दुकानदाराने हसत पुढे केली ती चिंचच. चार इडल्या खाऊन तो चिनी आळीत गेला. तिथे भाजलेली बदकं ओळीने टांगलेली, देवळातून उदबत्त्यांचा धूर. एका म्हाताऱ्याने आंबट शिरक्याची बाटली दिली. शिरका घातलेल्या आमटीवर बोटीवरचे दोघे गोंयकार खूश झाले, बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली.

पाचव्या दिवशी गाव संपून माड सुरू झाले, तिथे मलायी लोकांची वाडी लागली. झाडाखाली मैमुना नावाची बाई मोठं पातेलं घेऊन बसली होती. लवू थबकला. वास बांगड्याचाच! तिने वाडग्यात वाढले ते मात्र पांढरेशुभ्र शिरवाळे, तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि वर ओतलं बांगड्याचं सार. शिरवाळे खायचे ते नारळाच्या गोड रसात, एवढंच लवूला ठाऊक.

"अगो, ह्या काय केलंस!" तो ओरडला.

तिला वाटलं, वाखाणतोय. तिने आणखी एक पळी ओतली.

पहिल्या घासानंतर लवू वाडग्यावर वाकला. वाडगं रिकामं करून त्याने तोंड आंबट केलं आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. मैमुनाने डब्यातून वाळक्या, काळपट चकत्या काढल्या. "आसम," ती म्हणाली.

लवूला ते मालवणीतलं 'आसा', म्हणजे 'आहे', असंच ऐकू आलं. "आसा, आसा!" चकती चघळत तो म्हणाला. सोलं नव्हती ती, पण सोलांची सख्खी मावसबहीण नक्कीच.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला आपल्या मसाल्याच्या डब्यातली तिरफळं नेऊन दिली. तिने एक चावलं, जीभ बधिरली, पाय आपटले, पाणी प्याली आणि मग हसत हसत शेजारणींना हाका मारून प्रत्येकीला एकेक चावायला लावलं. पुढचे दिवस लवू तिच्याकडे बसून बांगडे साफ करायचा आणि ती रांधते कशी ते पाहायचा. तिच्याकडच्या चकत्या पडल्यावर बोटीवर आमटीची ताटं पुन्हा लख्ख होऊ लागली. निघताना तिने त्याची पिशवी चकत्यांनी भरली.

रजेवर घरी आल्यावर त्याने तोच बेत केला. थोरला भाऊ दत्ताराम ताटावरून उठला. लवूची बायको सावित्री म्हणाली, "अवो, येड लागला काय तुमका? शिरवाळ्यार मासे?" पण चुलीपाशी उभ्याउभ्याच तिने चव घेतली, आणि मग पाट ओढून बसली.

१९६३ साली लवूने बोट सोडली आणि मालवणच्या बाजारात नवराबायको दोघांनी खानावळ घातली. शुक्रवारी बांगड्याचे शिरवाळे. पहिला महिना लोक नुसते डोकावून हसत. मग फोंडाघाटाचे ट्रकवाले बसू लागले, मागोमाग कचेरीतले कारकून. चकत्या केव्हाच संपल्या होत्या, आता सोलंच पडत. वर सावित्री आपल्या मनाने नारळाचा दाट रस घाली. लवूने एकदा गिऱ्हाइकांसमोरच हरकत घेतली.

"पिनांगात असा नसता गो."

"मगे पिनांगाक जावन जेवा," सावित्री म्हणाली.

खानावळ हसली. लवूने रसासाठी आपलं ताट पुढे केलं.