अक्काचा उभा फोन

अक्का गेली त्या संध्याकाळी मी एका चित्रपटाला अडीच तारे द्यावेत की तीन, या विवंचनेत बसलो होतो. इथे ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात पाऊस लागला होता, खोली उबदार ठेवणारा हीट पंप सुरू होता, मांडीवर लॅपटॉप आणि समोर भिंतभर टीव्ही. फोन थरथरला. सांगलीहून मुक्ता, म्हणजे माझी भाची, अक्काची एकुलती एक मुलगी. मी तो घेतला नाही. चित्रपटाची शेवटची काही मिनिटं राहिली होती, आणि शेवट बघितल्याशिवाय तारे द्यायचे नाहीत असा माझा मोठा बाणेदार नियम आहे. शेवट बघितला, मग फोन लावला. "मामा, आई गेली..." एवढंच म्हणाली ती. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच गेली. तो चित्रपट अगदीच टुकार होता, हे सांगायलाही आता लाज वाटते.

पुरवणीच्या वाचकांना अक्का तशी अनोळखी नाही. ऑकलंडमधली आयटीची नोकरी सांभाळून मी घरबसल्या काय काय पाहिलं ते या पानावर लिहितो, आणि त्यात "आमची थोरली बहीण म्हणते" म्हणून जी वाक्यं येत, ती खरोखर तिचीच असत. आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली उपसलेली बाई, तिला कुणी फसवू शकत नसे. एका गाजलेल्या सिनेमातली नायिका स्वयंपाकघरात ढसाढसा रडत होती, तर ही म्हणाली, "ओट्यावर तेलाचा एक थेंब नाही. ही बाई आयुष्यात कधी फोडणी घालत नाही, हिचं रडणं मी का खरं मानू?" ते वाक्य मी लेखात घातलं आणि शाबासकी मला मिळाली.

शनिवार आमचा ठरलेला. तिची दुपारची जेवणं उरकलेली, आमची रात्रीची. दोन्ही घरांत एकच चित्रपट आणि मध्ये व्हिडिओ कॉल. "एक, दोन, तीन... लाव," ती फर्मान सोडायची आणि स्वतःच रिमोट शोधत बसायची. एका हातात बडीशेपेची वाटी, दुसऱ्या हातात फोन, तोही कायम उभा. मला तिचं अर्धं कपाळ आणि वर गरगरणारा पंखा दिसायचा. "अक्का, फोन आडवा धर गं, मी काय पंख्याशी बोलू का?" दर शनिवारी मी करवादायचो. ती ढिम्म. "अरे, मला तू दिसतोयस ना? मग झालं."

तिच्याबरोबर बघण्याआधी मी बरंचसं एकटाच बघून टाकलेलं असे, कारण लेख शुक्रवारी द्यावा लागतो. मग शनिवारी तिच्यासोबत पहिल्यांदाच बघतोय असं सोंग आणायचो. तिनं ते केव्हाच पकडलं होतं. "श्री, तुझं 'अरे बापरे' घटनेच्या आधीच येतं," म्हणाली होती, आणि हसली होती. यंदा एका सहा भागांच्या मालिकेचे चार भाग आम्ही असे पाहिले. उरलेले दोन मी एकट्यानं उरकून परीक्षण छापूनही टाकलं. तिच्यासोबत मात्र 'पुढच्या शनिवारी नक्की' असं म्हणत गेलो. कधी कुणाकडे जेवण, कधी टौरंगाला मित्राकडे मुक्काम, कधी नुसताच कंटाळा. तिनं माझा लेख वाचला नाही, मुद्दाम बाजूला ठेवला. "शेवट कळेल ना. तू ये निवांत, मी थांबते," म्हणाली. आणि थांबली.

इथून निघून अंत्यविधीला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. तेव्हा मुक्तानं मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मेधानं, माझ्या बायकोनं, तो टीव्हीवर लावून दिला. ज्या पडद्यावर मी लोकांचे सिनेमे जोखतो, त्याच पडद्यावर अक्काला हॉलमध्ये सतरंजीवर ठेवलेलं दिसलं. दिसलं म्हणजे काय, मधोमध एक उभी पट्टी, दोन्ही बाजूंना काळोख. फोन मुक्ताच्या हातात होता. अक्काचा चेहरा चौकटीत येई आणि निसटे, मग कुणाचे तरी पाय, मग पंखा. आणि माझ्या तोंडून गेलं, "मुक्ता, फोन आडवा धर." मऊ आवाजात नाही, त्याच शनिवारच्या करवादलेल्या आवाजात. कॉलवर पुण्याचे, मुंबईचे सगळे नातेवाईक होते. हुंदके थांबले. मुक्तानं रडत रडत, निमूटपणे फोन आडवा केला. चौकट अगदी उत्तम आली. अक्का पूर्ण दिसली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तेराव्याला जायला हवं होतं. रजा मिळाली असती, मी मागितलीच नाही. "बाबा, आर यू नॉट गोइंग?" माझ्या मुलीनं, इरानं विचारलं. कामाचं काहीतरी पुढे केलं. खरं कारण हे की मुक्तासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. तिचे फोनही मी मेधाला घ्यायला लावायचो... मामा म्हणवून घेणाऱ्यानं असं वागावं, याहून नालायकपणा काय असतो?

मागच्या शनिवारी जेवणं झाल्यावर पुन्हा तिचा कॉल आला. मेधानं या वेळी फोन उचलला नाही, माझ्यापुढे आणून ठेवला. मुक्ता अक्काच्या खोलीत बसली होती. म्हणाली, "मामा, आईच्या टीव्हीवर ती मालिका अजून चौथ्या भागापाशीच आहे. तुझ्याशिवाय पुढे बघायची नाही, असं मलाही बजावलं होतं तिनं. उरलेले दोन आपण बघू या का?" मी शेवट पाहिलाय, असं तिला सांगितलं. "माहितीये. आईलाही माहीत होतं," ती म्हणाली. मला त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. "मुक्ता, मी तेव्हा जे..." एवढंच जमलं. ती बहुधा रिमोट शोधत होती. हातातला फोन कलला. अक्काच्या खुर्चीचा एक हात, भिंतीचा पोपडा आणि वर पंखा. मग तिच्या लक्षात आलं असावं. घाईघाईनं, जरा घाबरूनच तिनं विचारलं, "मामा, फोन आडवा धरू का?"

"नको गं," मी म्हणालो. "राहू दे. दिसतंय मला."