आईचा कुणगा

वाडीतल्या सगळ्यांची लावणीआधीची चिखलणी उरकली की मग काकाचा पॉवर टिलर आमच्या शेतात यायचा. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता. आईशी तो कधी आवाज चढवून बोलला नाही. "वयनी, उद्या बघतो," एवढंच म्हणायचा. पण आधी त्याचं स्वतःचं शेत, मग ज्यांच्या घरात पुरुषमाणूस होता त्यांची शेतं, आणि मग आम्ही. बाबा मुंबईला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे. उरलेलं वर्षभर शेत आईचं, म्हणजे राबण्यापुरतं.

आमचं गाव राजापूरहून एसटीने तासाभरावर. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी जमीन तोंडी वाटून घेतली होती. वहाळाच्या काठाला भाताचे दोन मोठे कुणगे, म्हणजे खाचरं, मध्ये एक बांध. अलीकडचा कुणगा आमचा, पलीकडचा काकाचा. माती एक, पाणी एक, बियाणंही बहुतेक वेळा एकच. तरी काकाच्या खळ्यात दहा पोती भात व्हायचं तेव्हा आमच्याकडे सहा. याचं कारण आईला ठाऊक होतं. भाताचा तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला की उपटून लावायचा असतो. आमचा तरवा चिखलणीची वाट बघत वाफ्यातच पिवळा पडायचा. जून झालेल्या रोपाला फुटवे येत नाहीत, मग लोंब्या कुठून येणार?

बाबा गणपतीला आले की दोन्ही कुणगे बघून यायचे आणि जेवताना म्हणायचे, "शेतीला बाप्याचाच हात लागतो." कुणाला दुखवायला नव्हे, आज ऊन पडलंय म्हणावं तसं. आई त्यांच्या पानात भात वाढत असायची. मलाही ते खरंच वाटायचं.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात शेतीखात्यातल्या एकाने देवळात सभा घेतली. निरोप गेले ते पुरुषांना. आई पाणी भरून येताना देवळाच्या पायरीशी थांबली आणि भरला हंडा कमरेवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली. दोरी धरून सरळ ओळीत रोपं कशी लावायची, चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये खताची गोळी कशी दाबायची, सगळं. लोक पांगल्यावर तिने त्या माणसाला विचारलं की टिलरला अनुदान आहे म्हणता, ते बाईला मिळतं का. तो बरा होता. म्हणाला, मिळतं की, फक्त सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं. आमचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर होता. आईने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, आता कागद हलवले तर भावाला वाटेल ही वाटणी मागतेय.

त्यानंतर आई चार दिवस माहेरी जाऊन आली. लग्नकार्याशिवाय ती कधी जात नसे, म्हणून मला नवल वाटलं. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. मामाकडे टिलर होता. त्याच्या कोरड्या शेतात ती तो चालवायला शिकून आली होती. मला म्हणाली, "कुणाकडं बोलू नको हां, बाय. जमलं नाय तर हसतील."

जुलैच्या सुरुवातीला मामाने टिलर टेम्पोत घालून आणला आणि दोन दिवसांसाठी ठेवून गेला. त्याचीही लावणी तोंडावर होती. सकाळी आईने काष्टा मारला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतली आणि मशीन कुणग्यात उतरवलं. पहिल्या वळणाला ते चिखलात रुतलं. मी मागून ढकलायला गेले तर तिने हातानेच लांब राहा म्हणून खुणावलं. थोडं मागे घेऊन, अंग टाकून तिने ते बाहेर काढलं. तोवर बांधावर माणसं जमली होती. काकाही आला आणि म्हणाला, कशाला वयनी, मी उद्या आलो असतो. आईने मशीन थांबवलं नाही. दुपारपर्यंत तिच्या दंडांना कापरं भरलं होतं. मला तिने पेज आणायला सांगितली आणि उभ्यानेच प्यायली.

दुसऱ्या दिवशी उरलेली चिखलणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी वाडीतल्या पाचजणी लावणीला आल्या. आईने दोरी ताणून धरली. तरवा हिरवागार होता, बरोबर तेवीस दिवसांचा. वाडीत त्या वर्षी आमची लावणी दुसरी झाली.

भात अकरा पोती झालं. काकाचं दहाच. ओटीवर पोती रचून झाल्यावर आईने एकेका पोत्यावर हात ठेवला आणि मग चहा टाकायला आत गेली. त्यातली तीन पोती तिने राजापूरच्या बाजारात विकली आणि त्या पैशांतून पहिल्यांदाच कुणाला न विचारता दोन गोष्टी केल्या. माझी कॉलेजची राहिलेली फी भरली आणि स्वतःसाठी गमबूट घेतले.

बाबा त्या वर्षी दिवाळीलाही आले. भात बघून ते खूश झाले, शेजारीपाजारी जाऊन सांगून आले. दोन दिवसांनी काका ओटीवर येऊन बसला. दोघांचं बोलणं मी चहा देताना ऐकलं. कुणगा चांगला आहे हे आता दिसलंच, मधला बांध काढून दोन्हींचा एकच केला तर मशीनला बरं पडेल, काकाच सगळं बघेल, आम्हाला खाण्यापुरतं भात देईल. बाबांनी आत हाक मारून आईला सांगितलं की आता तुला आराम.

आई दारात आली. "मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "तुझ्याच सोयीचं बघतोय."

ते त्यांना मनापासून वाटत होतं, हे मला आजही दिसतं. काका खाली बघत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी अठरा वर्षांची होते, माझं पुढचं शिक्षण बाबांच्या हातात होतं. मी रिकामे कप उचलून आत गेले.

वैशाखात बांध निघाला. पावसात आई त्याच शेतात लावणीला जात राहिली, बाकीच्या बायांबरोबर ओळीत वाकून. काका वर्षाला चार पोती पाठवतो. विकण्याजोगं त्यात काही उरत नाही. घरामागच्या उतारावर ती नाचणी करते, त्यातली निम्मी वानर आणि डुकरं नेतात. लोक म्हणतात, बाईमाणसाची शेती, एवढीच व्हायची.

मी आता रत्नागिरीत शाळेत शिकवते. गेल्या वर्षी बाबा नोकरी सोडून कायमचे गावी आले. वारसनोंद करून घेतली तेव्हा सातबाऱ्यावर बाबांचं आणि काकाचं नाव चढलं. मी बाबांना म्हटलं, तुमच्या हिश्शावर आईचंही नाव लावता येतं, मी कागद आणते. ते म्हणाले, माझ्यामागे सगळं तिचंच आहे, घाई कसली?

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती मागीलदारी नाचणी पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "त्यांच्यामागं? तवा माझ्या गुडघ्यांनी कुणग्यात उतरवंल काय?"

तिने सूप खाली ठेवलं, कोंडा बाजूला केला आणि मला विचारलं की परतीची एसटी कितीची आहे. मी सांगितलं, साडेचारची. मग ती उठली, भिंतीला धरून, आणि माझ्यासाठी नाचणीचं पीठ बांधून द्यायला आत गेली.